आत्सूच्या नावाचा अंगठा

एत्से डुन्यो वाटेच्या एका कडेनं चालायचा. शेतावरची पायवाट कितीही अरुंद असो, गवत पायाला कापत असो, हा आपला कडेनंच. शेजारी एका माणसाची जागा सोडलेली. आमच्या आवेकोपे गावात त्याचं कुणाला नवल वाटत नसे. शेजारून त्याचा जुळा भाऊ आत्सू चालायचा, एवढंच. जर्मन गेले आणि इंग्रज-फ्रेंचांनी आमचा टोगोलँड मुलूख वाटून घेतला त्या सुमारास, सात वर्षांचा असताना, आत्सू गोवरानं मेला होता.

'मेला' हा शब्द मी आज लिहितोय. तेव्हा माझी छाती झाली नसती. जुळ्यांपैकी एक असा गेला तर आमच्यात म्हणतात, तो लाकडं आणायला रानात गेलाय. वीतभर उंचीची लाकडी मूर्ती घडवून घेतात आणि मागे राहिलेला तिला जन्मभर सांभाळतो. आंघोळ घालतो, धडुतं नेसवतो, आपल्या पानातला पहिला घास तिच्या ओठांना लावतो. एत्से आत्सूला कमरेच्या कापडात खोचून शेतावर न्यायचा. मक्याच्या पिठाचा आक्प्ले आणि भेंडीचं कालवण आत्सूला आवडायचं. वांगं चालत नसे. बायकोनं, काफुईनं, एकदा विसरून वांगं केलं तर हा तिला म्हणाला होता, "माझं सोड गं, मी काहीही गिळीन. थोरला उपाशी राहिला ना." आत्सू आधी जन्मला होता, म्हणून थोरला.

मी मिशनच्या शाळेतला मास्तर. रविवारी देवळात बायबल वाचून दाखवतो. मूर्ती म्हणजे लाकूड, हे मी पोरांना बारा वर्षं शिकवत आलो. पण माझा जन्मही याच गावचा. एत्सेच्या घरी गेलो की माझ्या तोंडून आपसूक निघायचं, "काय रे, दोघं बरे आहात ना?" सगळा घोळ तिथूनच सुरू झाला, आणि तो घातला मीच. हे आधी कबूल करतो, म्हणजे पुढे कुणाला दोष देत बसायला नको.

दुसरं महायुद्ध संपल्यावर चार वर्षांनी सांगावा आला, की संयुक्त राष्ट्रांची माणसं येणार आहेत. आमचा मुलूख इंग्रजांनी नुसता सांभाळायचा होता. आम्ही कारभाराला तयार झालो की तो आमच्या हाती द्यायचा होता, आणि ते नीट चाललंय की नाही हे बघायला ही माणसं गावोगाव फिरणार होती. ज्याला गाऱ्हाणं असेल त्यानं लिहून द्यावं. आमचं गाऱ्हाणं एकच होतं. सरहद्द. गाव इंग्रजांकडे आणि निम्मी शेतं ओढ्यापलीकडे फ्रेंचांकडे. रस्त्यावर साखळी आणि साखळीशी शिपाई. एत्सेची कोकोची झाडं पलीकडे. स्वतःच्या झाडाच्या बिया घरी आणायला निघाला की चोर ठरायचा. दोनदा त्यानं मार खाल्ला होता.

अर्ज मी लिहिला. इंग्रजीत, चांगल्या वळणदार अक्षरात. त्याचा मला फार अभिमान होता. मग दौत घेऊन घरोघर फिरलो आणि अंगठे घेतले. एत्सेच्या दारात बसलो, सवयीनं दोन नावं लिहिली, आत्सू डुन्यो, एत्से डुन्यो. एत्सेनं आधी डावा अंगठा उमटवला, भावाचा. मग उजवा, स्वतःचा. मी शाई टिपून घेतली आणि उठलो. तीनशे बारा अंगठे झाले. जन्मात कधी इतकं नेटकं काम केलं नव्हतं मी.

पाहुणे आले त्या दिवशी गाव पहाटेपासून चिंचेखाली जमलं होतं. चार मोटारी, चार देशांचे चार साहेब, लिहून घेणारी माणसं वेगळी. आम्हाला अर्धा तास दिलेला. गावचे प्रमुख तोग्बे अकोर्ली छत्रीखाली बसले होते. दुभाषा मी. साहेबांचा म्होरक्या वाळका, थकलेला माणूस होता. त्यानं अर्ज सावकाश वाचला, ओढा कुठे, शेतं कुठे, हे नीट विचारलं. मला वाटलं, काम झालं.

तेवढ्यात बेड्झ्रा उभा राहिला. हा वरच्या थोरल्या सरदाराचा चिटणीस. सरहद्द होती तशीच राहावी, असं त्याच्या धन्याला वाटायचं. त्यामागे धन्याची कारणं होती. त्यानं शांतपणे सांगितलं, की या अर्जात मेलेल्या माणसांचे अंगठे आहेत. एक तर तो आत्ता नाव घेऊन सांगू शकतो. आणि एक असेल तर शंभर कशावरून नसतील?

म्होरक्या साहेबांनी कागद चाळला आणि आत्सू डुन्योला पुढे यायला सांगितलं.

मी ते आमच्या भाषेत सांगितलं. माझेच शब्द मला परके वाटत होते. एत्से उठला आणि म्हणाला, आत्सू लाकडं आणायला गेलाय. मी तेही तसंच इंग्रजीत सांगितलं. काय करणार? त्यानं जे म्हटलं तेच सांगायचं असतं. साहेबांनी विचारलं, कधी येईल? एत्से म्हणाला, ते तो मला सांगून गेला नाही. गावात एकही माणूस हसला नाही.

"मग आपण थांबू," साहेब म्हणाले.

आणि ते खरोखरच थांबले. दिलेल्या अर्ध्या तासातली वीस मिनिटं आम्ही सगळे आत्सूची वाट बघत बसलो. त्यांना नारळाचं पाणी दिलं. एका साहेबानं तीनदा घड्याळ पाहिलं. रानाकडच्या वाटेवर जरा सळसळ झाली की चारशे माणसांच्या माना तिकडे वळत, माझीही. बकरी होती. बायबल वाचणारा मी, पण त्या घटकेला तो वाटेवरून आला असता तर मला आश्चर्य वाटलं नसतं. मी त्याला नुसतं म्हटलं असतं, किती उशीर रे.

शेवटी बेड्झ्रालाच राहवेना. त्यानं आमची चालरीत इंग्रजीत सगळी उलगडून सांगितली. चांगली सांगितली, खोटं काही बोलला नाही. साहेब रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते एत्सेकडे वळून म्हणाले, की भाऊ वारला असेल तर त्याचा एक अंगठा खोडू आणि बाकीचे तीनशे अकरा खरे धरू. पण तो जिवंत आहे असंच गाव म्हणत असेल, तर मला सगळ्याच अंगठ्यांची शंका घ्यावी लागेल. एवढंच सांगा, जिवंत की मृत? इतका न्यायी माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

एत्से माझ्याजवळ आला. हळूच म्हणाला, "मास्तर, तूच सांग ना त्यांना, त्यांच्या भाषेत. आत्सूला ती येत नाही. त्याला कळायचं नाही."

मी सांगायला तोंड उघडलं, तर लिहून घेणारा म्हणाला, अर्जदारानं स्वतःच्या तोंडानं सांगायला हवं.

मी तोग्बेंकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते. ते काही म्हणाले असते, हो किंवा नाही, तर आज हा भार त्यांच्यावर असता. ते बोलले नाहीत, म्हणून मी बोललो.

"एक शब्द आहे, एत्से. बोल आणि मोकळा हो. गावाची शेतं आहेत पलीकडे. तुझीही आहेत."

"एक शब्द," तो म्हणाला. "तुझा भाऊ असता तर बोलला असतास?"

त्यानं कमरेचं कापड सोडलं, आत्सूला बाहेर काढलं, काफुईच्या हातात दिलं. म्हणाला, "याला घेऊन जा. घरांच्या पलीकडे जा, पार ओढ्यावर. ऐकू येणार नाही इतकं लांब." काफुईनं मूर्ती छातीशी धरली आणि गर्दीत शिरली. एत्से मनात पावलं मोजत उभा राहिला. साहेब घड्याळ बघत होते. मग तो म्हणाला, "तो मेला." इतक्या हलक्या आवाजात, की पहिल्या रांगेलाही ऐकू गेलं नसेल.

आणि मी ते इंग्रजीत सांगितलं. मास्तरकीचा आवाज माझा, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. मनात भीती, की हे लोक पुन्हा विचारतील. आधी इंग्रजीत सांगितलं, आणि मग गावालाही कळावं म्हणून आमच्या भाषेत, तितक्याच मोठ्यानं. ते कुणी मला सांगितलं नव्हतं. सवय, दुसरं काय.

गर्दी हलली तेव्हा दिसलं, काफुई कुठे गेलीच नव्हती. माणसं इतकी दाटली होती की तिला वाट मिळाली नव्हती. दहा पावलांवर ती उभी होती, आणि आत्सूचं तोंड आमच्याकडे होतं.

लिहून घेणाऱ्यानं एक अंगठा खोडला. मोटारी निघून गेल्या.

त्यानंतर एत्से वाटेच्या मधून चालायला लागला. मी त्याला पहिल्यांदा तसं चालताना पाहिलं आणि वाट सोडून बाजूला झालो. मूर्तीला तो आंघोळ घालायचा, घासही लावायचा, पण म्हणायचा की आता ते नुसतं लाकूड आहे. हेच मी बारा वर्षं शिकवत होतो. त्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा मला त्याचे पाय धरावेसे वाटले. पुढे मूर्ती त्यानं पांढऱ्या कापडात गुंडाळून आढ्यावर ठेवली. तो वाळत चालला. भरदुपारी दारात बसल्या बसल्या डोळा लागला की एकच स्वप्न पडायचं, आणि ते तो मला येऊन सांगायचा, कारण दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नव्हता. आत्सू डोक्यावर लाकडांचा भारा घेऊन रस्त्यावरच्या साखळीशी उभा आहे. सात वर्षांचाच आहे. शिपाई त्याला म्हणतो, तुला सोडता येत नाही, कागदावर तू मेलेला आहेस. आत्सू भारा खाली ठेवत नाही. वजनानं त्याची मान थरथरते.

"माझा आवाज त्याच्यापर्यंत गेला नसता," एत्से एकदा म्हणाला. "तुझा गेला."

त्या वर्षी मी देवळात वाचायला उभा राहिलो की माझा आवाज मला ऐकवत नसे. दरवाज्याकडे बघून वाचायचो. कुणीतरी बाहेर उभं राहून ऐकतंय असं वाटायचं, आणि मी शब्द अर्ध्यात गिळायचो.

पुढच्या वर्षी निकाल कळला. न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मंडळानं सगळं वाचलं होतं, गाऱ्हाण्याची नोंद घेतली होती, सरहद्द होती तिथेच राहणार होती. लोकांच्या सोयीसाठी एक समिती नेमणार होते. तोग्बे म्हणाले, बरं. एवढंच म्हणाले. मी एत्सेच्या घरी गेलो तर त्याला आधीच कळलं होतं. तो रागावलाही नाही. म्हणाला, "म्हणजे शेतंही गेली आणि तोही गेला. मास्तर, आता मागे घे."

"काय मागे घेऊ?"

"मी बोललो ते. त्यांना लिही, की आत्सू आणि एत्से असे आम्ही दोघे लिहितो. त्या दिवशी चिंचेखाली सांगितलं ते खोटं होतं."

मी त्याला समजावलं, की अशा अर्जाला तिथे कुणी भीक घालणार नाही. तिथे जगभरचे अर्ज येतात. आणि माझ्या हातून हे कसं लिहून होणार, मी देवळातला माणूस. त्याच्या गळ्याची हाडं वर आली होती. मी घरी गेलो, दौत आणली, आणि पाच ओळी लिहिल्या. डावा अंगठा, मग उजवा. पोस्टात स्वतः टाकला. मनात म्हटलं, टोपलीत जाईल, पण निदान हा चार दिवस जेवेल.

आठ महिन्यांनी पाकीट आलं. पातळ, निळसर, आत एकच टंकलेला कागद. मी शाळेतच फोडलं. वर एक लांबलचक आकडा होता. खाली लिहिलं होतं, की श्री. आत्सू डुन्यो आणि श्री. एत्से डुन्यो यांचा टोगोलँडबाबतचा अर्ज मिळाला असून तो मंडळाच्या सर्व सदस्यांना पाठवला आहे. शेवटी सही. कुणा कारकुनानं पाकीट उघडलं, नावं होती तशी उतरवली आणि पुढचं पाकीट घेतलं असणार. त्याला कुठे ठाऊक की तो काय करतोय.

एत्सेला बोलावणं धाडलं. आला तो धापा टाकत आला, हातात पांढरं गाठोडं.

"कुणाचं नाव आधी आहे?" त्यानं विचारलं.

"आत्सूचं."

तो बाकावर बसला. पोरांच्या त्या बुटक्या बाकावर, गुडघे वर घेऊन. मग त्यानं कापड सोडलं आणि आत्सूला माझ्या टेबलावर, खडूंच्या डब्याशेजारी, माझ्याकडे तोंड करून उभं केलं.

"त्याला वाच. आधी त्यांच्या भाषेत, मग आपल्या. आणि तेवढ्याच मोठ्यानं."

खिडकीतून मिशनचे पास्टर अंगणात उभे दिसत होते. त्यांनी टेबलाकडे पाहिलं होतं. या शाळेखेरीज मला दुसरी भाकरी नव्हती. मी उभा राहिलो, कागद उचलला आणि त्या लाकडाच्या डोळ्यांत बघून पहिल्या आकड्यापासून वाचायला सुरुवात केली. नावापाशी आलो, ते वाचलं, आणि पुन्हा एकदा वाचलं. पास्टर दारात येऊन उभे राहिले, तरी मी आवाज खाली आणला नाही.