पाठमोरी जोडीदार

टीव्हीवर महिला दुहेरीची अंतिम लढत रंगली होती. पहिली सर्व्हिस जाळ्यात गेली. दुसरीही चुकली तर विजेतेपद हातचं जाणार होतं. जाळ्याजवळची जोडीदार मात्र सर्व्हिस करणारीकडे पाठ करून उभी. चेंडू मागून कानाजवळून सणसणत जाणार, तरी तिनं एकदाही वळून पाहिलं नाही. हे जमतं कसं? सरावानं, की स्वभावानं?

उद्या लेकीचा साखरपुडा. स्वयंपाकघरात धाकटी जाऊ श्रीखंडासाठी चक्का पुरणयंत्रातून काढत होती.

“जायफळ घातलंस का गं?” मी पुन्हा विचारलं.

“ताई, जायफळ माझ्यावर सोडा, तुम्ही मॅच बघा!”

दुसरी सर्व्हिस अचूक पडली. तेवढ्यात आत पातेलं दाणकन आपटलं. मी खुर्चीचे हात घट्ट धरले आणि टीव्हीकडेच बघत राहिले.