बाईंनी राखलेलं अंगण

कुणाच्याही घरी गेल्या की बाई आधी स्वयंपाकघरात शिरत आणि सिंकसमोर जाऊन उभ्या राहत. समोर नुसती भिंत दिसली की घरच्या बाईला विचारत, "अहो, रोज भांडी घासताना बघता काय तुम्ही?" शारजात अल मजाज भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये त्यांनी हे माझ्या बायकोला विचारलं. ती बरेच दिवस धुसफुसत होती. मग एकदा स्वतःच म्हणाली, खरंच की, भिंतच बघते मी.

नव्वदच्या दशकात शारजातल्या एका कन्सल्टन्सीत बाई सीनियर आर्किटेक्ट होत्या आणि मी स्ट्रक्चरल इंजिनियर. पन्नाशीच्या, पुण्याच्या, एकट्या. सुती साडी आणि साइटवर पायात जाडजूड बूट. ऑफिसात टॉवरचं काम मिळावं म्हणून सगळे टपलेले असायचे, तर बाई कामगारांच्या वसाहती मागून घ्यायच्या. कारण विचारलं की म्हणत, "टॉवरवाल्याला घर नाही आवडलं तर तो दुसरीकडे जाईल. हे लोक कुठे जाणार?"

चुकायच्या त्याही. हमरियाकडच्या एका कारखानदारासाठी पहिली वसाहत केली, तेव्हा तिच्यात त्यांनी जेवणाचा मोठा हॉल काढला. सगळ्यांची एकत्र पंगत बसेल, अशी आपली घरगुती कल्पना. हॉल ओस पडला. कामगार बहुतेक कोकणातले; ही मंडळी आपापलं कालवण शिजवून खोलीत न्यायची आणि खाली पेपर पसरून गाववाल्यांबरोबरच जेवायची. बाईंनी जाऊन पाहिलं, "फसले की मी" म्हणाल्या, आणि त्याच कारखानदाराच्या पुढच्या वसाहतीत हॉल रद्द करून छोटी छोटी स्वयंपाकघरं केली. प्रत्येकाला खिडकी, हे सांगायला नकोच.

त्या दुसऱ्या वसाहतीत त्यांनी दोन इमारतींच्या मध्ये अंगण सोडलं. दुपार कलली की तिथे सावली यायची. मांडी घालून बसता येईल असे रुंद कट्टे आणि कडेने कडुनिंब. मला म्हणाल्या, पाया एक मजला जास्त धरून कर. नकाशात तर मजला नाही, मी म्हटलं. "पुढे लागेल." बाईंशी वाद म्हणजे डोकेफोड, म्हणून मी करून टाकलं.

काही वर्षांनी वसाहतीच्या मालकाला, म्हणजे त्या कारखानदार अरबाबला, आणखी माणसं आणायची होती. मीटिंगमध्ये त्याने अंगणावर बोट ठेवलं. इथे खोल्या बांधा, यल्ला, चला लवकर. बाई शांतपणे म्हणाल्या, अंगण राहू दे, वर मजला चढवा, पाया तेवढा भक्कम आहे. अरबाबला समजायला जरा वेळ लागला. मग तो भडकला. मला न विचारता माझा पैसा जमिनीत पुरलात? आणि त्याने माझ्याकडे पाहिलं.

मी तोंड उघडायच्या आत बाई हिंदीत म्हणाल्या, "हिसाब इसका, जिद मेरी."

मजला चढला, कारण तेच स्वस्त पडत होतं. अंगण वाचलं आणि बाईंची नोकरी गेली. ही बाई असेल तर मी नाही, असं अरबाबने आमच्या बॉसला सांगितलं होतं. नोकरी गेली म्हणजे व्हिसाही खलास. मला फार वाईट वाटलं, संतापही आला. बाई मात्र सामान बांधता बांधता मलाच समजावत होत्या. "अरे, मला पुण्यात घर आहे. त्या लोकांना इथे तेवढं अंगणच आहे."

दोन हजार सालानंतर कधीतरी गच्चीवरच्या नव्या एसींचा भार तपासायला मी त्या वसाहतीत गेलो. शुक्रवारची संध्याकाळ होती. अंगणात कॅरम चालला होता, एकाचे केस कापणं चाललं होतं, कुणी फोनवर घरच्यांशी बोलत होतं. राजापूरच्या एका फिटरने सरकून मला कट्ट्यावर जागा दिली. जागा छान आहे, मी म्हटलं.

"होय ओ साहेब," तो म्हणाला. "मधेच येवढी मोकळी ऱ्हायली. मालकाच्या लक्षात नाय आलं वाटतं बांधायचं."

मला ते लागलं. घरी येऊन पुण्याला फोन लावला आणि बाईंना जसंच्या तसं सांगितलं. त्या ठसका लागेपर्यंत हसल्या.

"तू त्याला काही बोलला नाहीस ना? कुणी मुद्दाम दिलंय असं कळलं की माणूस अवघडून बसतो."

नाही म्हटलं.

"मग जमलं की रे," बाई म्हणाल्या.