चुडाव्याचा गोळा

पाच आठवड्यांपूर्वी, सोमवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी माझ्या फोनवर दोन ओळी आल्या. "काका, आई पहाटे गेली. अकराला निघायचंय." पाठवणारी मनीषा, शकूताईंची मुलगी. मी त्या ओळी तीनदा वाचल्या आणि उत्तर लिहिलं, "मिळालं." एवढंच. पुढे कितीतरी दिवस त्या एका शब्दाची लाज वाटत राहिली… शकूताई असत्या तर त्यांनी तो मला परत पाठवला असता. नुसतं 'मिळालं' त्यांना कधी चाललं नाही. काय मिळालं ते म्हणून दाखवा, असा त्यांचा नियम होता, आणि त्या नियमाच्या जोरावर एका उन्हाळ्यात आम्ही जे करून दाखवलं ते आज सांगायला बसलो आहे.

मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर झालं त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. परभणीत बियाणे तपासणारी एक छोटी खासगी प्रयोगशाळा होती, तिथे मी मोजणीला होतो. शेतकरी घरच्या बियाण्याची पुडी पाठवायचे. आम्ही त्यातले शंभर दाणे ओल्या कागदात गुंडाळून ठेवायचो आणि किती उगवले ते मोजून पत्राने कळवायचो. शकूताई माझ्याहून बारा वर्षांनी मोठ्या, चुडाव्याच्या. त्यांचे वडील, अण्णा, तिथल्या स्टेशनावर स्टेशनमास्तर होते. टायपिंगच्या दोन परीक्षा दिलेल्या या बाईंना, प्रयोगशाळेत कॉम्प्युटर आला तेव्हा, खास त्याच्यासाठी घेतलं होतं. मशीन एक, खुर्ची एक आणि बसणारे आम्ही दोघे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी पिशवीतून बाभळीच्या लाकडाचा एक गोळा काढून टेबलावर ठेवला. "मोजणीदार, हा ज्याच्या हातात, खुर्ची त्याची. दुसऱ्यानं तोंड उघडायचं न्हाई." मी तो आमच्या काट्यावर तोलला. एकशे चाळीस ग्रॅम भरला. चुडाव्याला तेव्हा एकेरी लाइन होती. पुढच्या स्टेशनाने रूळ मोकळा असल्याचं, म्हणजे 'लाइन क्लिअर', कळवलं की यंत्रातून लोखंडी गोळा निघायचा, वेताच्या कड्यातून तो ड्रायव्हरच्या हातात जायचा आणि तो हातात आल्याशिवाय गाडी पुढे जायची नाही. निवृत्त होताना अण्णांनी त्याच मापाचा लाकडी गोळा बोरी गावच्या सुताराकडून करून घेतला होता, कारण लोखंडी गोळा सरकारचा.

आता अडचण सांगतो. मशीनवर दोन प्रोग्राम होते. एक मोजणीचा, औरंगाबादच्या माणसाने करून दिलेला. दुसरा मराठी पत्रं छापण्याचा, पुण्याहून आणलेला. दोन्ही एकाच पडद्यावर शेजारी शेजारी उघडायचे, पण सोयरिक तुटलेल्या व्याह्यांसारखे एकमेकांशी बोलायचे नाहीत. मोजणीचे आकडे मी मोठ्याने वाचायचे आणि शकूताईंनी ते पत्रांच्या प्रोग्राममध्ये पुन्हा टाइप करायचे. दिवसाला चाळीस पत्रं व्हायची. आदल्या वर्षी निम्मी पत्रं पेरणी उरकल्यावर पोचली होती. पेरून झालेलं बी खराब होतं हे कळून कोणाला काय उपयोग?

त्या वर्षी पत्रं होती सहाशे बारा. मृगाला राहिले होते कामाचे नऊ दिवस, त्यातले तीन टपालाचे. चाळिसाने भागलं तर पंधरा दिवसांहून जास्त लागत होते. हिशेब बसतच नव्हता. प्रयोगशाळा चालवणाऱ्या साहेबांनी बोलावून स्वच्छ सांगितलं, "शकुंतलाबाई, यंदाही पत्रं उशिरा गेली तर मशीन परत जाईल. आपली हाताची लेखणी बरी." बाहेर येऊन ताई म्हणाल्या, "मशीन गेलं की मशीनसाठी घेतलेली बाईही गेली." मनीषा तेव्हा चौथीत होती आणि घरात कमावणाऱ्या ताई एकट्याच. मी काहीतरी धीराचं बोलायला गेलो तर म्हणाल्या, "रडायला का झालं तुमाला? या दोघांना बोलायला लावायचं, बस."

दोन्ही प्रोग्राममध्ये आपल्या चार ओळी घालायची सोय होती. ताईंनी पुस्तक समोर ठेवून तीन दिवस खटपट केली. मोजणीच्या प्रोग्रामने एका फाइलमध्ये निरोप लिहायचा, नाव, गाव, पीक, आकडा, आणि पत्रांच्या प्रोग्रामने तो उचलून छापायचा. चौथ्या दिवशी सकाळी पत्रं आपोआप निघायला लागली. मी अक्षरशः टाळ्या वाजवल्या. अठ्ठेचाळीस पत्रं निघाली आणि सवयीप्रमाणे मी ती मूळ वहीशी ताडायला घेतली. पंचेचाळीस बरोबर. तीन चूक. वालूरच्या माधवरावांचा मूग वहीत शंभरात ब्याण्णव होता, पत्रात नऊ. सोन्यासारखं बी त्यांनी फेकून दिलं असतं.

साहेबांनी ते पत्र हातात घेऊन पाहिलं आणि वहीवर ठेवलं. ताई मात्र त्या नवाकडे बघत बसल्या. शेवटी म्हणाल्या, "दोन कुठं गेला? एक जण लिहायलाय अन् दुसरा तेवढ्यातच उचलायलाय. नऊ लिहून झाला, दोन लिहायचा हाय, तवर गाडी सुटली." मग एकदम टेबलावरच्या गोळ्यावर हात मारून उठल्या. "अहो, आपण मशीनला गोळाच दिला न्हाई!"

त्या दुपारी त्यांनी जे केलं ते मी आजही कोणालाही सांगू शकतो, इतकं ते सरळ होतं. 'गोळा' नावाची एक रिकामी फाइल. निरोप पूर्ण लिहून झाला, फाइल बंद झाली, की मगच मोजणीवाल्याने गोळा ठेवायचा. गोळा दिसेपर्यंत पत्रवाल्याने निरोपाला हात लावायचा नाही. छापून झालं की त्याने उत्तर लिहायचं आणि मगच गोळा उचलायचा. उत्तर तरी कसं, तर अण्णांच्या पद्धतीचं. पुढच्या स्टेशनाने निरोप परत म्हणून दाखवल्याशिवाय अण्णा तो पोचला असं धरत नसत. म्हणून उत्तर यायचं, "वालूर, मूग, ९२, मिळालं." मोजणीवाला ते आपल्या आकड्याशी लावून बघायचा. जुळलं तर पुढचं नाव, नाही जुळलं किंवा उत्तरच आलं नाही तर शिटी वाजवून थांबायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला सुरुवात केली. प्रिंटर करकरत होता, एका पत्राला चाळीस सेकंद. साहेब आधी दारातून बघत होते, मग आत आले, मग स्टूल ओढून बसले. दोनदा शिटी वाजली. मी धावलो, तर दोन्ही वेळा कागद अडकला होता, आकडा नव्हे. रिबन बदलण्यासाठी वीस मिनिटं गेली. पाचला पाच मिनिटं कमी असताना शेवटचं पत्र निघालं. पत्रं सहाशे बारा, 'मिळालं' सहाशे बारा. तरी मी साठ पत्रं अधूनमधून उचलून वहीशी ताडली. एकही चूक नाही! साहेब उठून म्हणाले, "बाई, मशीन इथंच राहील." ताईंनी गोळा उचलून माझ्या तळहातावर ठेवला आणि भरल्या खोलीत स्टेशनावरच्यासारखं ओरडल्या, "लाइन क्लिअर!" पंधरा दिवसांचं काम आम्ही साडेसात तासांत केलं होतं. टपाल त्याच संध्याकाळी गेलं.

मूग निघाल्यावर माधवराव शेंगांचं गाठोडं घेऊन आले. "बाई, दुकानचं बी आनाया निघालतो, बायको म्हनली आधी कागद तर वाचा. शंभरात ब्याण्णव! मंग कशाला जातो दुकानाला?" ताई हसून म्हणाल्या, "भाऊ, हे मोजणीदार नसते तर तुमच्या ब्याण्णवचे नऊ झाले असते." माधवराव क्षणभर थांबले. "नऊ? मंग म्या सगळं शिजवूनच खाल्लं असतं!" इतक्या मोकळेपणाने हसलेल्या ताई मी पुन्हा फार वेळा पाहिल्या, कारण त्यानंतर सव्वीस वर्षं त्या त्याच खुर्चीवर होत्या. मशीन पाच वेळा बदललं, प्रोग्राम किती बदलले ते मी मोजलं नाही. नियम तोच राहिला.

तेराव्याला गेलो तेव्हा गोळा त्यांच्या घरी दाराजवळच्या कोनाड्यात होता. घरात स्कूटर एक आणि चालवणारे तिघे, म्हणून तिथेही तोच कायदा चालू होता. मनीषाने तो उचलून माझ्या हातात दिला. "आई म्हणाली होती, हा मोजणीदारांचा." मी म्हणालो, "मिळाला." ती आईसारखीच भुवया उंचावून बघत राहिली. "काका, नुसतं मिळाला न्हाई चालत आपल्यात." मी गोळा रुमालात गुंडाळून निघालो, पूर्ण उत्तर तेवढं राहून गेलं.

आज गोळा माझ्या टेबलावर आहे. परत तोलला, एकशे छत्तीस ग्रॅम. बत्तीस वर्षांत चार ग्रॅम हातांनी झिजवला. तर मनीषा, तुझ्या त्या सोमवारच्या निरोपाचं पूर्ण उत्तर आता देतो. शकूताई गेल्या. चुडाव्याच्या अण्णांची लेक, सहाशे बारा पत्रं, एकही चूक नाही. मिळालं.

लाइन क्लिअर.