कर्नलचा काटेरी पट्टा

"सर्व रहिवासी, भाडेकरू, शिकवणीला येणारी मुले आणि जिन्यातली मांजरे यांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, शत्रूने आपल्या हद्दीत प्रवेश केला आहे. शत्रूला आठ पाय आहेत. त्याला पंख नाहीत, आवाज नाही आणि घाई तर मुळीच नाही."

सोसायटीत राहायला आल्यावर हे निवेदन मी लिफ्टमध्ये चिकटवलं. खाली सही: हवालदार, निवृत्त, डॉग हँडलर. शत्रू म्हणजे गोचीड. लोक हसले. हसावं म्हणूनच तसं लिहिलं होतं. हसणारा माणूस शेवटपर्यंत वाचतो.

फौजेतली माझी सगळी नोकरी कुत्र्यांसोबत झाली. सर्वांत धोक्याचं काय असतं, असं लोक विचारतात. त्यांना गोळीबाराची गोष्ट हवी असते. मी सांगतो, सकाळचं ग्रूमिंग चुकवणं. मग त्यांचा चहा लवकर संपतो.

ग्रूमिंग परेड सहा वाजता. पहिली ऑर्डर: "कॉलर उतार." पट्टा काढायचा आणि बोटं केसांच्या उलट्या दिशेने फिरवायची. कान, काखा, शेपटीखाली, पायाच्या बोटांच्या बेचक्या. पिसू चावली की कुत्रा खाजवतो, निदान कळतं तरी. गोचीड गप्प बसून जेवते. सगळं अंग तपासून झालं की रिपोर्ट: "सब ठीक, साहब." हँडलरचा चहा त्यानंतर.

निवृत्तीनंतरची पोस्टिंग बोरीवली पूर्व. आमच्या मागच्या भिंतीपलीकडे नॅशनल पार्कचं जंगल. आवारात चार कुत्रे. त्यांचा म्होरक्या तांबूस, एक कान पडलेला, नाव कर्नल. हवालदाराने कर्नलचे कान विनापरवाना कसे तपासायचे? मी आधी कडक सॅल्यूट ठोकायचो. तो जांभई द्यायचा. फौजेतही फार वेगळं नव्हतं.

कर्नलच्या गळ्यात जाड चामड्याचा पट्टा होता, बाहेर टोकं काढलेल्या खिळ्यांचा. तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या पेडणेकर काकूंनी तो चांभाराकडून करून घेतला होता. त्यांच्या आधीच्या कुत्रीला बिबट्याने याच भिंतीजवळून मान धरून नेलं होतं. म्हणून कर्नलच्या पट्ट्याला बकलच नव्हतं. तो गळ्यातच शिवून टाकला होता.

"काकू, आंघोळीला तरी काढूया."

"झिला, वाघ काय तेची आंघोळ होईस्तोवर थांबतलो?"

"मी उभा राहतो ना काठी घेऊन."

"तू रिटायर झालंस. वाघ नाय झालो."

बाकी तिघांच्या मानेमागे मी जनावरांच्या डॉक्टरांनी दिलेलं गोचिडीचं औषध घातलं. तिथे कुत्र्याची जीभ पोचत नाही. कर्नलच्या मानेमागे चामडं होतं. त्याचं बरंचसं औषध पट्ट्यानेच पिऊन टाकलं.

पावसाळा सरला तसा कर्नल जेवण अर्धं टाकू लागला. काकू म्हणाल्या, हवा बदलली. मी पुन्हा पट्ट्याचा विषय काढला. त्यांनी दार लावून घेतलं.

त्या संध्याकाळी मी सोसायटीच्या ऑफिसात सेक्रेटरींना एक किस्सा रंगवून सांगत होतो. मेन गेटवरच्या वॉचमनचा आवाज वॉकीटॉकीवर आला.

"गेट से ऑफिस. फौजी साब हैं उधर?"

"हैं. बोलो."

"उनको भेजो. कर्नल उठ नहीं रहा."

तो किस्सा अजून अर्धाच आहे.

कर्नल पंपरूमच्या सावलीत आडवा पडला होता. अंग तापलेलं. ओठ वर करून पाहिला. हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या. एका नाकपुडीतून रक्त. सवयीने माझा हात कपाळाकडे गेला. त्याने जांभई दिली नाही.

काकू धावत आल्या.

"काकू, पट्टा कापायचाय. आत्ता."

"दिवस मावळतोय रे. ही वाघाची वेळ."

"तो येईल तेव्हा येईल. इथे शत्रू आत आलाय."

त्या घरात गेल्या. सुरी आणि काठी घेऊन आल्या. सुरी मला दिली. स्वतः काठी धरून, जंगलाकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

मी शिवण कापली. पट्ट्याखाली गोचिडी होत्या. राखाडी, फुगलेल्या, एकीला एक चिकटून, गळ्याभोवती पूर्ण वेढा. पट्ट्याखाली दुसरा पट्टा. काकूंनी एकदा मागे वळून पाहिलं आणि पुन्हा जंगलाकडे तोंड केलं.

रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी चिमट्याने एकेक गोचीड कातडीलगत धरून सरळ ओढून काढली आणि स्पिरिटमध्ये टाकली. रक्त तपासलं. गोचीड ताप. गोचीड रक्त पिते हे सगळ्यांना ठाऊक असतं. पिता पिता ती रक्तात रोग सोडते, हे लोक विसरतात. सलाइन लागलं, इंजेक्शनं झाली. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "जेवण टाकलं तेव्हाच आणायचा होता." हे मी काकूंना सांगितलं नाही.

कर्नल दोन दिवस लढला. तिसऱ्या दिवशी ग्रूमिंगच्या वेळी गेला.

त्यानंतर आम्ही भिंतीच्या फटी बुजवल्या, कुत्र्यांची गोणपाटं जाळली, उरलेल्या तिघांची रक्ततपासणी केली. तिघांनाही बकलचे पट्टे आले. मानेमागचं औषध डॉक्टर सांगतील त्या तारखेला. परेड रोज सकाळी सहाला, पंपरूमसमोर. ऑर्डर काकू देतात. "कॉलर उतार" म्हणतात आणि तपासणी होईपर्यंत काठी घेऊन भिंतीशी पहारा करतात.

पहिल्या परेडला मी रोल कॉल घेतला. फौजेत माझ्या हातून गेलेल्या कुत्र्यांची नावं मी रोज सकाळी मनात घेतो. राणी. टायगर. चेतक. त्या दिवशी ती मोठ्याने घेतली. वॉचमनने टोपी काढली. शेवटी म्हणालो, "कर्नल." आणि सॅल्यूट ठोकला.

काकूंची पाठ आमच्याकडे, तोंड जंगलाकडे. त्या एकदम बोलल्या, भिंतीपलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

"मेल्या कर्नला, तुला वाघाने नेलं असतं तर त्याला शिव्या तरी घातल्या असत्या. आता मी कोणाला घालू?"