लेकी बोले, सुनेला लागेना

धाकट्याचं काम ऐकलं की कुणालाही वाटावं, पगार कशाचा देतात याला! संगणकात एक खोटी गल्ली वसवलेली. तिथला एकेक रहिवासी म्हणजे एकेक कृत्रिम बुद्धी. ते आपापसांत बोलतात, भांडतात, आणि खऱ्या माणसांसारखे वागतात की नाही, ते धाकटा बघतो. भांडणं फर्मास जमली होती. घोडं अडलं होतं समेटापाशी. एकदा अबोला धरला की बसली सगळी तोंडं शिवून.

घरी तरी काय वेगळं होतं म्हणा! वरच्या मजल्यावर थोरला, खाली हा. पाण्याची टाकी भरून वाहिली, मोटार कुणी चालू ठेवली यावरून शब्दाला शब्द वाढला, आणि सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड बघेनासे झाले. आता रविवारी थोरला दुसऱ्या गावी बिऱ्हाड हलवणार होता. असाच गेला तर कायमचा तुटला, हे धाकट्याला कळत होतं आणि जीव तुटत होता. पण आधी बोलणार कोण? बोलेल तो हरला. या शहाण्यानं हाच नियम त्या गल्लीलाही घालून दिला होता.

शनिवारी कार्यालयात खोट सापडली. गल्लीतली सासू लेकीला सांगत होती, दार लावून घ्यावं माणसानं. शेजारी उभी सून ढिम्म. हलणार कशी? ज्याच्या नावानं बोलणं, त्यालाच ते ऐकू जाईल, अशी रचना यानंच केलेली! त्यानं एवढंच बदललं: जवळ असेल त्यालाही ऐकू जावं. दुपारपर्यंत दोन घरं तिसऱ्याच्या आडून बोलायला लागली. विभागप्रमुख बाई खूश झाल्या. धाकट्याला मात्र जेवण गेलं नाही.

रविवारी दारात टेम्पो लागला. जिन्यात थोरला एकटाच लोखंडी कपाटाशी झटत होता, मागे वहिनी. धाकटा बाहेर आला आणि नजर वहिनींवरच ठेवून म्हणाला, "वहिनी, दादाला म्हणावं, कपाट एकट्यानं उतरवायचं नसतं. कंबर धरेल."

'दादा' हा शब्द कित्येक महिन्यांनी त्याच्या तोंडून निघाला होता. थोरल्यानं कपाट पायरीवर टेकवलं, घाम पुसला आणि बायकोलाच सांगितलं,

"त्याला म्हणावं, खालचं टोक धर. आणि मोटार मीच चालू ठेवली होती."