गुळाच्या पाण्यातलं यीस्ट

प्रयोगशाळेत कुणी घाईनं शिरलं, की बाई हातातलं काम थांबवत आणि म्हणत, "सावकाश. इथं कुणी मरायला आलेलं नाही." तुम्हीही हसला असता. आम्ही हसायचो.

बाई आमच्या कोल्हापूरच्या कॉलेजात सेंद्रिय रसायनशास्त्र शिकवत. रेणूला हायड्रोजन जोडायचा, तर तेव्हा आम्ही निकेलची बारीक भुकटी वापरायचो. ओली असेपर्यंत ती शांत. वाळली की हवेतच पेटते. एका दुपारी गाळताना ती पेटली आणि बाईंच्या हाताखाली संशोधन करणाऱ्या मुलाचे दोन्ही हात भाजले. तो गडहिंग्लजला घरी गेला, तो परत येईना.

बाईंनी हायड्रोजनचं सिलिंडर परत पाठवलं. पाव फुगवायला बेकरीत घालतात ते यीस्ट गुळाच्या पाण्यात कालवून त्याच्याकडून तेच काम करून घ्यायला लागल्या. विभागप्रमुखांनी विचारलं, पाव कधी मिळणार? बाई म्हणाल्या, "पाव मिळेल न मिळेल, हात भाजणार नाहीत."

बरेच महिने नुसता फेस, आंबूस वास आणि गाळताना चिकटा. शेवटी जमलं. पदार्थ हाती आला तो थोडाच, पण शुद्ध.

मग त्या एसटीनं गडहिंग्लजला निघाल्या. मी सोबत होतो. मुलाची आई दारात आडवी उभी राहिली. "पोराला परत आगीत घालायला आलायसा?"

बाईंनी पिशवीतून यीस्ट आणि गूळ काढला, कोमट पाणी मागितलं. पातेल्यात कालवून उंबऱ्याशी बसून राहिल्या. बऱ्याच वेळानं फेस वर आला.

"एवढंच हाय?" आईनं विचारलं.

"एवढंच. धातू न्हाय, गॅस न्हाय."

आईनं चहा टाकला.

मुलगा परत आला. बोटं पुरती मिटत नव्हती. बाटल्यांची बुचं बाई काढून देत. प्रबंध पुरा झाला, गावाकडं त्याला शिक्षकाची नोकरी लागली.

पुढं काही वर्षांनी बाई आजारात गेल्या. मागं कुणी नव्हतं. अंत्यविधीला आम्ही मोजकेच होतो. तो आला, विधी आटोपला तसा निघून गेला.

त्याच आठवड्यात माझं गडहिंग्लजला काम निघालं, म्हणून त्याच्या घरी डोकावलो. आईनं दारातूनच हात वर केला.

"आत येऊ नकासा. सुतक हाय."

मी दचकून विचारलं, कोण गेलं?



"बाई गेल्या की."