डार्लीनचा लाल दिवा

डार्लीन हफमनबद्दल ऑर्विलला फारच थोडं ठाऊक होतं. तिच्या अंत्यविधीला चर्चमध्ये पाद्रीबाबांनी विचारलं, "तिच्याविषयी कुणाला चार शब्द बोलायचेत का?" तेव्हा तो खाली मान घालून बाकावर बसून राहिला. काय बोलणार? तिला मुलं किती, हेही त्याला तिथेच कळलं. पेपरात आलं होतं की डार्लीनला बागकामाची आवड होती. आवड! तो शब्द त्याला दिवसभर खुपत राहिला.

ओहायोतल्या त्या लहानशा कॉलेजात दोघं उद्यानविद्येच्या वर्गात शेजारी बसायची, एवढीच ओळख. डार्लीनची सारी हयात मोटारींची सीटं शिवण्यात गेली. कारखाना मेक्सिकोला गेला, तेव्हा सरकारने कामगारांना दोन वर्षांची फी देऊ केली, काहीतरी नवं शिका म्हणून. बाकीच्या बायका नर्सिंगला गेल्या. ही झाडांकडे आली. ऑर्विल शाळेची बस चालवून निवृत्त झालेला. म्हाताऱ्यांना वर्गात फुकट बसू देत. परीक्षा नाही, मार्क नाहीत.

"तुम्ही या वयात कशाला आलात इथे?" तिने पहिल्याच दिवशी विचारलं.

"बायको गेली. घरात बोलायला कुणी नाही."

"म्हणून इथे येऊन गप्प बसता होय?"

तो हसला. नंतर घरी गेल्यावर पुन्हा एकदा हसला.

तलावाकाठच्या मोठ्या नर्सरीच्या मालकाने तिला शब्द दिला होता: पदवी घेऊन ये, एक काचघर तुझ्या ताब्यात देतो. त्या एका शब्दावर ती जगत होती. सकाळी वर्ग, आणि दुपारपासून रात्रीपर्यंत गोदामात खोकी भरायची. वर्गात बसली की टेबलाखाली बूट काढून ठेवायची. पाय इतके सुजलेले असत की उठताना बूट पुन्हा चढत नसत.

शेवटच्या सत्रात प्रत्येकाला पॉइन्सेटियाच्या कुंड्यांचं एकेक टेबल मिळालं. नाताळात घरोघरी दिसतं, तेच हे लाल पानांचं झाड. त्याला रोज लांबलचक, अखंड काळोख लागतो. तरच शेंड्याची पानं लाल होतात. म्हणून संध्याकाळी टेबलावर काळं कापड ओढायचं आणि सकाळी काढायचं. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी झाडं लाल होऊन विक्रीला लागली तर पास, नाहीतर नापास. हा विषय वर्षातून एकदाच असे, आणि डार्लीनची सरकारी फी डिसेंबरात संपत होती.

"ही पोरं लाल झाली की मी सुटले," ती म्हणायची.

संध्याकाळी ती कामावर असे, म्हणून दोघांच्या टेबलांवर कापड ओढायचं काम ऑर्विलकडे होतं. सकाळी ती येऊन काढायची.

ऑक्टोबर सरता सरता ऑर्विलची झाडं तांबूस झाली. वर्गातल्या सगळ्यांची झाली. डार्लीनची मात्र हिरवीगार.

"काय गं, पालक लावलास की काय?" कुणीतरी म्हणालं.

"हो, आणि तुला एक पानसुद्धा देणार नाही!"

आठवडाभराने तिने उत्तरं देणं सोडलं. बेकलर सरांनी कापड उन्हात धरून भोकं शोधली, खत तपासलं, माती तपासली. काही सापडेना. मग एका सकाळी त्यांनी सहज विचारलं, "रात्री इथे कुणी येतं का?"

"मी येते की. कामावरून सुटले की येऊन पांढरी माशी लागलीय का बघते, पिवळी पानं खुडते. दिवसा वेळ कुठे असतो मला?"

"अंधारात?"

"पांढरा दिवा नाही लावत हो सर, तेवढं मला कळतं!" तिने जाकिटाच्या खिशातून एक दिवा काढला. कपाळाला बांधायचा, शिकाऱ्यांचा. "माझ्या नवऱ्याचा, रेचा आहे. तो होता तेव्हा पहाटे हरणांच्या मागे हाच लावून जायचा. लाल उजेड. हरणाला दिसत नाही, मग झाडाला कुठून दिसणार?"

बेकलर सर पालथ्या बादलीवर बसले.

"झाडाला लालच दिसतो, डार्लीन. सगळ्यांत जास्त तोच दिसतो. तू रोज त्यांना मध्येच जागं करत होतीस." त्यांनी दिवा हातात घेऊन उलटा केला. बाजूला दुसरं बटण होतं. त्यांनी दाबलं, तर हिरवा उजेड पडला. "हा लावला असतास, तर चाललं असतं."

तिने दिवा परत घेतला. "रे हिरवा कधीच लावायचा नाही," ती म्हणाली.

तिला आणखी मुदत मिळावी म्हणून सर ऑफिसात भांडून आले. उपयोग झाला नाही.

विक्रीच्या आदल्या दिवशी ऑर्विलने धीर केला. "माझी झाडं घे. माझ्या टेबलाला मार्क नाहीत, काही नाही. कुंड्या इकडच्या तिकडे करू, कुणाला कळणार?"

"आणि उद्या नर्सरीत माझ्या हाताखालची अख्खी लागवड हिरवी राहिली, तर? तुम्हाला फोन करू?"

त्याने उचललेली कुंडी पुन्हा आपल्या टेबलावर ठेवली.

तिने आपली झाडं स्वतःच उपटून खताच्या ढिगावर टाकली, कुंड्या घासून धुतल्या आणि एकात एक बसवून फळीवर लावल्या. तिला कुणी तसं सांगितलं नव्हतं. त्या रात्री कडाक्याची थंडी पडली. सकाळी ढिगावरची पानं काळी पडली होती.

मग ती गोदामात पूर्ण वेळ लागली, असं ऐकलं. मार्चमध्ये तिथेच, खोकी भरता भरता कोसळली, ती पुन्हा उठली नाही.

त्याने तिला शेवटचं पाहिलं ते विक्रीच्या आदल्या दिवशी. कुंड्या धुवून झाल्यावर पार्किंगमध्ये ती गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होती. ऑर्विल जवळ जाऊन उभा राहिला.

"तुम्ही ॲपल-पाय आणला होतात ना, त्याचं भांडं माझ्याकडेच राहिलंय," ती म्हणाली.

"राहू दे. सोमवारी आण."

"सोमवारी मी कुठे असणार इथे?"

"हो. तेही खरंच. बर्फ पडतोय. सावकाश चालव."

"तुम्हीच सावकाश चालवा. टायर बघा आपले, पार गुळगुळीत झालेत."